समूहगान आणि समताधर्म

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून शिक्षण, वसतिगृहे, विवाहातील अनाठायी खर्च, शेतीचे पडत चाललेले तुकडे अशा विषयांचा ऊहापोह वेळोवेळी झाला आहे. त्या मानाने माझा आजचा विषय कोणास हलका वाटेल. मी समूहाने गाण्याविषयी बोलणार आहे. परंतु शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन्ही तालुक्यांत भजनी मंडळ नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. खर्डी, किन्हवली, डोळखांबपासून थेट सरळगाव, धसई, टोकावड्यापर्यंत टाळमृदंगाचा नाद ज्याच्या कानी लहानपणापासून पडला नाही असा मनुष्य विरळा. जी गोष्ट आपण सर्वजण करतो, तिच्यातच आपल्या समाजजीवनाची परीक्षा चांगली होते. म्हणून हा विषय मी निवडला.

मला जे सांगावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो. न्यायाचे आणि समतेचे गाणे गाइल्याने समता येतेच असे नाही. गीताचे शब्द कितीही थोर असोत, ते गाताना आपल्या शेजारी कोण उभे आहे आणि टाळ कोणाच्या हाती आहे, यावर त्या गाण्याचा खरेपणा ठरतो.

आपल्या वारकरी परंपरेकडेच पाहा. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, चोखोबा महार, आणि दासी म्हणून राबलेली जनाबाई. जगाच्या पाठीवर अशी गायकमंडळी एकत्र नांदलेली फार थोड्या ठिकाणी आढळतील. त्या काळी विद्या एका वर्णाच्या घरी कोंडलेली असता, या मंडळींनी आपापल्या धंद्याची भाषा देवाच्या दारी नेली. कुंभाराचे चाक, माळ्याचा मळा, जात्यावरचे दळण, यांना अभंगात मान मिळाला. हा आपल्या महाराष्ट्राचा मोठा ठेवा आहे, आणि त्याचा अभिमान आपण बाळगतो तो योग्यच आहे.

परंतु याच परंपरेच्या पायाशी एक प्रश्न सहाशे वर्षे उभा राहिला. परंपरा असे सांगते की, मंगळवेढ्यास वेशीचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. समाधी देवळाबाहेर! चोखोबांचे अभंग आत गायिले जात होते. चोखोबांच्या ज्ञातीच्या माणसाला मात्र आत पाऊल ठेवता येत नव्हते. शब्दांना प्रवेश होता, ते रचणाऱ्याच्या वंशजांना नव्हता. लाखो वारकऱ्यांच्या मुखी समतेचे अभंग असूनही दार उघडले नाही. ते उघडावे म्हणून सानेगुरुजींना महाराष्ट्रभर दौरा काढावा लागला आणि अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणास बसावे लागले. १० मे रोजी ते सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि पुढे १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली.

या इतिहासाचे तात्पर्य काय? कोणी म्हणेल, मग गाण्याचा उपयोग तरी काय झाला? मला तसे वाटत नाही. गाण्याने मनाची जमीन नांगरून ठेवली होती, म्हणूनच गुरुजींची हाक ऐकू गेली. तथापि नांगरट म्हणजे पीक नव्हे, हे शेतकऱ्याला सांगावयास नको.

या संदर्भात नामदेवांचीच दुसरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पंढरीचा हा शिंपी उत्तरेस पंजाबापर्यंत गेला. शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. तेथे कबीर विणकराची आणि रविदास चर्मकाराची वाणीही त्यांच्या शेजारी आहे. गुरुद्वारात ही पदे गायिली जातात तेव्हा ऐकणारे सर्व एका बिछायतीवर, एका पातळीवर बसतात, आणि कीर्तन संपल्यावर लंगरात एका पंगतीला जेवतात. तेथेही माणसांनी जातिभेद पुरता टाकला आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु गाणे, बसणे आणि जेवणे या तीन गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या, ही योजना शिकण्याजोगी आहे. आपण मात्र गाणे एकत्र, बसणे थोडे दूर आणि जेवणे वेगळे, अशी तडजोड पिढ्यान् पिढ्या करीत आलो.

आता थोडे दूरदेशी जाऊ. अमेरिकेत १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी गेली. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल या गावी मुक्त झालेल्या निग्रो गुलामांच्या मुलांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. तिच्यापाशी पैसा नव्हता. इमारती मोडकळीस आलेल्या. तेव्हा १८७१ सालच्या ऑक्टोबरात तेथील नऊ विद्यार्थी गाणी गाऊन पैसा उभा करावा म्हणून बाहेर पडले. त्यांतले बहुतेक जन्माने गुलाम होते. आपल्या आईबापांनी शेतात राबताना म्हटलेली गाणी लोकांपुढे म्हणावयास प्रथम त्यांचे मन धजत नव्हते. ती दुःखाची आणि घरातली ठेव होती. परंतु ती गाणी त्यांनी म्हटली आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. १८७३ साली इंग्लंडच्या राणीपुढेही ती गायिली गेली. त्या पैशातून उभी राहिलेली इमारत आजही ज्युबिली हॉल या नावाने ओळखली जाते. मात्र ज्या गावी सभागृह टाळ्यांनी दुमदुमे, त्याच गावी या गायकांना रात्री उतरावयास खाणावळवाले जागा नाकारीत. गाणे ऐकावयास हवे, गाणारा मात्र छपराखाली नको! हे ऐकून आपणांस महाद्वारासमोरची समाधी आठवली असेल, तर ती आठवण योग्यच आहे.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तेथे एनॉक सोन्टोंगा नावाचा एक शाळामास्तर होता. मुलांचे गायकवृंद बसविणे हा त्याचा छंद. १८९७ साली त्याने आफ्रिकेला देवाचा आशीर्वाद मागणारे एक गीत रचले. ते शाळांतून प्रार्थनामंदिरांत आणि तेथून काळ्या जनतेच्या राजकीय सभांत गेले. वर्णभेदी राजवटीच्या काळात ते गाणे म्हणजे एका अर्थी प्रतिज्ञाच होती. १९९४ साली ती राजवट गेली. तेव्हा जिंकलेल्यांनी आपले गाणे ठेवून दुसऱ्यांचे पुसून टाकले असते, तर त्यांना कोणी फारसा दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. १९९७ साली सोन्टोंगाचे गीत आणि गोऱ्यांचे जुने राष्ट्रगीत यांचे भाग जोडून एकच राष्ट्रगीत केले, आणि ते पाच भाषांत आहे. म्हणजे तेथील प्रत्येक नागरिकाला राष्ट्रगीत म्हणताना आपल्या शेजाऱ्याच्या भाषेतली ओळ म्हणावी लागते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. समूहगान म्हणजे सर्वांनी माझे गाणे म्हणणे नव्हे. मी शेजाऱ्याचे गाणे शिकणे, हाही त्याचा अर्धा भाग आहे.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच्या प्रचारासाठी पुढे खेडोपाडी जलसे उभे राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चळवळही भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक अशा शाहिरांनी गाण्यातून वाड्यावस्त्यांवर नेली. आणि १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक निघाले, ते तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर हे तिघे एका व्यासपीठावर उभे राहिले. एक वाटेगावच्या मातंग घरातला, दुसरा बार्शीच्या मुसलमान घरातला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरून गेली. त्यांच्या राजकीय मतांशी कोणी सहमत असो वा नसो. ते कोणत्या समतेविषयी गात होते हे श्रोत्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते. ते व्यासपीठावर दिसतच होते.

आता आपल्या गावात येऊ.

आपल्याकडे सप्ताह होतो. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नसते. पहाऱ्याप्रमाणे ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. किती सुंदर कल्पना आहे ही! एकच वाद्य, आणि गावाने ते आळीपाळीने सांभाळावयाचे. परंतु पहाऱ्याची यादी हाती घेऊन पाहा. तीत ठाकूरवाडीचे नाव आहे काय? कातकरीवाडीचे आहे काय? बौद्धवाडीचे आहे काय? काही गावी ही नावे आहेत, आणि त्या गावांना मी मनापासून वंदन करतो. अनेक गावी नाहीत. मंडप घालावयास, सरपण आणावयास आणि पालखीपुढे ढोल वाजवावयास वाडीवरची माणसे येतात. त्यांची मजुरीही दिली जाते. मजुरी चुकती केली म्हणजे नाते पूर्ण झाले असे आपण समजतो.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते: "आम्ही कोठे अडवतो? तेच येत नाहीत." या उत्तराचा नीट विचार केला पाहिजे. आपल्या मंडळांच्या तालमी आणि स्पर्धा बहुधा दिवाळीनंतर, शेतीची कामे उरकल्यावर होतात. आपल्याला ती सवड असते. पण त्याच सुमारास वाडीवरची कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या मालकाची उचल घेऊन घरादाराला कुलूप लावून निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. ज्या महिन्यांत माणूस गावातच नसतो, त्या महिन्यांत त्याला आमंत्रण देऊन काय उपयोग? वाडीवरच्यांना बरोबर घ्यावयाचे तर तालमी लावणी उरकल्यावर, श्रावण-भाद्रपदात सुरू झाल्या पाहिजेत आणि दसऱ्यापर्यंत संपल्या पाहिजेत. दार उघडे आहे म्हणणे सोपे. ते कोणत्या वेळी उघडे आहे, हेही पाहावे लागते.

जागेचेही तसेच. आपल्या ज्ञातीच्या सभागृहात किंवा देवळाच्या सभामंडपात येताना ज्याच्या पायात पिढ्यांचा संकोच आहे, त्याला तेथेच बोलावण्याचा आग्रह का? शाळेची पडवी सर्वांची आहे. तेथे बसावे, कधी वाडीवर जाऊन त्यांच्या अंगणात बसावे.

गाणी कोणती घ्यावी, हा प्रश्न नाजूक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. ज्यांच्या घराण्याने तो मार्ग धरला आहे, त्यांना "या, विठ्ठलाचे अभंग म्हणावयास बसा" असे म्हणणे हे निमंत्रण नव्हे. त्यांचा निश्चय आपण लक्षात घेतला नाही, एवढेच त्यातून दिसेल. त्यांनी त्यांचे गीत सांगावे आणि आपण झीलकरी होऊन मागे म्हणावे. आपण अभंग घ्यावा. त्यांना वाटले तर त्यांनी साथ करावी, न वाटले तर ऐकावे. सानेगुरुजींची प्रार्थना तर आपण सर्वांनी शाळेत एकत्रच म्हटली आहे. तिच्यापासून आरंभ करण्यास कोणाची हरकत असू नये.

वाडीवरच्या गाण्यांविषयी आपल्या मनात एक सुप्त तुच्छता असते, ती टाकून दिली पाहिजे. वारल्यांचा तारपा दुधीभोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून घडतो. त्याच्याभोवती नाचणारे एकमेकांना धरून वर्तुळाने फिरतात. त्यांचे लग्न लावते ती धवलेरी, एक स्त्री, आणि ती गाऊन लग्न लावते. आपल्या ठाणे जिल्ह्यातील आगरी घरांत लग्नात गाणाऱ्या धवलारीणी होत्या हे आपल्यांतील वृद्ध मंडळींना ठाऊक आहे. आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव आपण करतो, त्या तेराव्या शतकातील महदंबेच्या रचनेचे नाव काय? धवळे! महानुभावांच्या पोथीतला शब्द आणि जंगलातल्या वाडीवरचा शब्द एकच आहे. वाङ्मयाच्या इतिहासात जे आपण मानाने वाचतो, ते शेजारच्या वाडीवर अजून जिवंत आहे, आणि आपण त्याला गावंढळ म्हणतो. यात तोटा कोणाचा?

आपल्या भगिनींविषयीही एक शब्द. गावोगावी महिला भजनी मंडळे निघाली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण स्त्रीपुरुष एकत्र गातात तेव्हा पेटीची पट्टी मुख्य बुवांच्या गळ्याला सोयीची धरली जाते आणि मागच्या बायकांचा आवाज एकतर घशात अडकतो नाहीतर फाटतो. मग लोक म्हणतात, बायकांना साथ जमत नाही. पट्टी सर्वांचे गळे ऐकून ठरवावी. नाहीतर दोन गाणी एका पट्टीत, दोन दुसऱ्या पट्टीत घ्यावी. समूहगानातला न्याय हा असा बारीकसारीक गोष्टींत असतो.

आणि गाण्यांत आजच्या जगण्याची दुःखेही आली पाहिजेत. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते. पुढे भातसेचेही जाऊ लागले. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. या रांगेत आपल्या समाजाच्या लेकीसुना आहेत, ठाकरांच्या आहेत, बौद्धांच्या आहेत. तहानेला जात नसते. या पाण्याचे गाणे एका ज्ञातीने एकटीने गाइले तर ती तक्रार होईल. सर्वांनी मिळून गाइले तर ते गावाचे म्हणणे होईल.

मंडळाच्या अभिमानी सभासदांना एक शंका येईल, आणि ती रास्त आहे: ज्ञातिमंडळ हे ज्ञातीसाठी. त्याच्या वर्गणीतून इतरांसाठी खटाटोप का करावा? मी याच मंडळाचा जुना सभासद आहे. मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकलेली मुले आज अधिकारपदावर आहेत, याचा मला अभिमान आहे. जेव्हा आपल्याला कोणी विचारीत नव्हते तेव्हा आपण एकमेकांना धरून उभे राहिलो. त्यात गैर काही नव्हते. परंतु ज्या शिडीने आपण वर आलो, ती वर ओढून घेणे हा धर्म नव्हे. आपल्या मागणीला आपण सामाजिक न्याय असे नाव दिले होते. तो शब्द आपल्यापुरताच खरा मानला, तर तो उद्या आपल्यासाठीही खरा राहणार नाही. शिवाय, भजन हे आपल्या मालकीचे नाही. ते आपल्याला शिंप्याने, कुंभाराने, माळ्याने, महाराने आणि दासीने दिले. त्यांचे घ्यावयाचे आणि त्यांच्यासारख्यांना बाहेर ठेवावयाचे, हे ऋण बुडविण्यासारखे आहे.

दुसरी शंका अशी की, पोरांनी चार गाणी एकत्र म्हटल्याने जमिनीचे, मजुरीचे, उचलीचे प्रश्न थोडेच सुटणार आहेत? नाही सुटणार. वेठबिगारी बंद करण्यास १९७६ चा कायदा लागला. गाण्याने ती गेली नाही. पण कायदा झाल्यावरही ज्याच्या घरचा माणूस अडकला आहे त्याच्याबरोबर कचेरीत जावयास कोणीतरी शेजारी लागतो. ज्याच्या शेजारी बसून तीन महिने टाळ धरला, त्याचे नाव, त्याच्या पोरांची नावे आणि त्याच्यावर असलेली उचल आपल्याला ठाऊक होते. मग त्याच्या संकटात "मला काय त्याचे" असे म्हणणे जड जाते. गाण्याकडून मी एवढीच अपेक्षा करतो, आणि ती थोडी नाही.

म्हणून मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आपल्या भजनस्पर्धेत केवळ ज्ञातिबांधवांच्या मंडळांनाच प्रवेश असावा ही अट काढून टाकावी आणि ज्या मंडळात गावातील सर्व वाड्यावस्त्यांचे गायक असतील त्यास मानाचे पारितोषिक द्यावे. दुसरी, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत प्रत्येकी एका गावी, शाळेच्या पडवीत, येत्या श्रावणापासून सर्वांचा एक गायकवृंद सुरू करावा. त्याच्या पेटीमृदंगाचा खर्च मंडळाने सोसावा आणि तालमीनंतरचा चहाफराळ एका पंगतीला व्हावा. तिसरी, या वृंदाने वर्षात निदान एक गाणे असे शिकावे की जे आपल्या बोलीतले नाही: कातकऱ्यांचे, ठाकरांचे, पंजाबातले नामदेवांचे पद, किंवा आफ्रिकेतील त्या शाळामास्तराचे गीत. अर्थ समजून घेऊन, उच्चार नीट करून, आदराने शिकावे.

यांपैकी पहिल्या सूचनेला विरोध होईल, हे मी जाणून आहे. तो उघडपणे व्हावा, सभेत व्हावा आणि त्यावर मतदान व्हावे, एवढीच माझी विनंती आहे. गप्प बसून सूचना बासनात बांधू नये. विरोध करणारा बंधू निदान प्रश्न ओळखतो.

बंधुभगिनींनो, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाल्ल्या, याची ती आठवण. ज्याच्या घरी जे होते ते त्याने आणले. कोणाची शिदोरी शिळी होती, कोणाची ताजी. ती सर्व एकत्र झाली म्हणून तिला काला म्हणतात. एकट्याची असती तर ती न्याहारी झाली असती. आपल्या गाण्याचा असा काला होवो, अशी माझी इच्छा आहे.